ट्रान्सफॉर्मर बाराचा, मग मीटरवर सोळा कसे?

सीताबर्डीतून १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला. ब्रिज (एसीचे डीसी करणारी चार डायोडांची जोडणी) आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यावर मीटर १६ व्होल्ट दाखवतो. दुकानदाराने चुकीचा माल दिला का? (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

माल बरोबर आहे. ट्रान्सफॉर्मरवरचे १२ हे एसीचे आरएमएस मूल्य, म्हणजे सतत बदलणाऱ्या व्होल्टेजचे एक प्रकारचे सरासरी मूल्य. लाटेच्या टोकाला व्होल्टेज त्याच्या १.४१ पट, म्हणजे जवळपास १७ असते आणि कपॅसिटर तिथपर्यंत भरतो. ब्रिजमधल्या दोन डायोडांत मिळून साधारण १.४ व्होल्ट जातात. लोड, म्हणजे करंट ओढणारे उपकरण, नसताना ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा थोडे जास्तच देतो, म्हणून १६.

तुमचा कपॅसिटर १६ व्होल्टचाच असेल तर आजच काढा, निदान २५ चा लावा. मग लोड जोडून मोजा, खरी परीक्षा तिथे आहे. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे ब्रिजनंतर सेकंदाला १०० टोके. १ अँपिअर ओढलात तर दोन टोकांच्या मध्ये १००० मायक्रोफॅरडवरचे व्होल्टेज निम्म्याच्या आसपास घसरते. अशा सप्लायवर चालणाऱ्या अँप्लिफायरमधली घरघर बहुधा हीच. ४७०० लावलात तर घसरण २ व्होल्टच्या आसपास येते. तरीही पुढे ७८१२ (व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणारी चिप) लावून पूर्ण १ अँपिअर हवा असेल तर १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. ७८१२ ला आत येताना सुमारे २ व्होल्ट जास्त लागतात. हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) मात्र चांगला मोठा हवा.

राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर मे महिन्यात गेला. २ अँपिअरचा लावला तर राउटर जळेल का? (गृहिणी, महाल)

नाही. राउटर हवा तेवढाच करंट ओढतो. व्होल्टेज तेच हवे आणि पिनचे प्लस-मायनस जुळायला हवे, एवढे बघा. नवा अडॅप्टर टीव्हीमागच्या बंद कप्प्यात ठेवू नका. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंश वाढीला जवळपास निम्मे आयुष्य गमावतो, आणि आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तो कप्पा भट्टीच होतो.

बंद पडलेला मोबाइल चार्जर उघडून मुलांना दाखवायचा आहे. प्लग काढला की धोका नाही ना? (शिक्षक, धरमपेठ)

आहे! या चार्जरमध्ये २३० व्होल्ट एसी थेट डायोडांतून जाऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बनतो आणि कपॅसिटरमध्ये साठतो. चार्जर बिघडलेला असेल तर हा साठा प्लग काढल्यावरही तसाच राहू शकतो. मुलांच्या हाती चार्जर देऊच नका. त्यांच्यासाठी पहिल्या प्रश्नातले १२ व्होल्टचे सर्किट मांडा, ट्रान्सफॉर्मरची २३० ची बाजू पूर्ण झाकून.