इमेजमध्ये कोणते कम्पायलर ठेवायचे?

फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेली स्वतःची छोटी सिस्टीम काढताय आणि तिच्या इमेजमध्ये (इन्स्टॉल करायच्या तयार फाइलमध्ये) जीसीसी, क्लँग, रस्ट, गो असे सगळेच कम्पायलर, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारी टूल्स, टाकू का, असं विचारलंय. टाकू नका. बेसमधला, म्हणजे मूळ सिस्टीमसोबतच येणारा, कम्पायलर वापरणाऱ्याच्या सोयीसाठी नसतोच मुळी. सिस्टीमला स्वतःचा सोर्स स्वतःच बिल्ड करता यावा, एवढ्यासाठी तो असतो. बाकी सगळं पोर्ट्समध्ये, म्हणजे हवं तसं नंतर बसवायच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात.

मग तो एक कोणता? इथे कोडच्या वेगापेक्षा लायसन्सनेच जास्त घोळ घातलाय. २००७ मध्ये जीपीएलची (बदल करून वाटलेल्या कोडचा सोर्सही खुला ठेवायला लावणाऱ्या लायसन्सची) तिसरी आवृत्ती आली, जीसीसी तिच्यावर गेला. फ्रीबीएसडी आणि तिची भावंडं असलेली ओपनबीएसडी दोघांनाही ती नको होती, म्हणून दोघंही जीसीसीच्या जुन्या ४.२.१ आवृत्तीवर अडकले. अडकले म्हणजे बगफिक्स स्वतः करा, नवे प्रोसेसर आले की स्वतः निस्तरा, आणि सी++११ (सी++ भाषेची २०११ची आवृत्ती) विसरा. ओपनबीएसडीने त्याच वर्षी पीसीसी हा जुना, आटोपशीर कम्पायलर आत घेऊन पाहिला; त्याला ते ओझं पेललं नाही. सुटका केली ती क्लँगने. फ्रीबीएसडी १०.० (२०१४) मध्ये एक्स८६ वर तो डीफॉल्ट झाला, ओपनबीएसडीत ६.२ (२०१७) पासून. पुढे एलएलव्हीएमनेही (क्लँग ज्याचा भाग आहे त्या प्रकल्पाने) लायसन्स बदलून अपाची २.० धरलं! ओपनबीएसडीवाल्यांनी बरीच कुरकुर केली, पण शेवटी घेतलं. न घेऊन करणार काय, परत जुन्या आवृत्तीवर कुढत बसणार?

याच घराण्यातल्या नेटबीएसडीने मात्र जीसीसी सोडला नाही. व्हॅक्स या जुन्या कॉम्प्युटरसाठी कोड काढणारा भाग एलएलव्हीएममध्ये नाहीच, आणि त्यांना व्हॅक्स सोडायचा नाही. मला हे जास्त पटतं. आधी मशिन ठरवा, मग कम्पायलर.

रस्ट बेसमध्ये का नको? रस्ट बिल्ड करायला आधीच्या आवृत्तीचा रस्ट लागतो, आणि नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते. तीन-चार जणांच्या टीमने हा पाठलाग कशाला करायचा?

‘सर्व्हरवर कम्पायलर नको, हॅकर वापरेल’ असं कुणीतरी सांगेलच. आत शिरलेला माणूस तयार बायनरी सोबत घेऊन येतो, त्याचं कम्पायलरवाचून अडत नाही. जागा वाचवायची असेल तर खुशाल काढा.

मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ‘जीसीसी’ ठोकून लिहिलं असेल तिथे नुसतं ‘सीसी’, म्हणजे सिस्टीमच्या डीफॉल्ट कम्पायलरचं नाव, करा. फ्रीबीएसडीत त्या नावाने क्लँगच चालतो. मग त्याच इमेजवर अख्खा बेस बिल्ड करा, आणि त्यातून निघालेल्या कम्पायलरने पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा अडला तर रिलीज थांबवा.