पक्ष्यांचा अभ्यास करणारे दिवसभर नेमकं काय करतात? नुसती दुर्बीण, की हातानेही काही काम असतं?

हाताने म्हणाल तर आमचे हात बराच वेळ चिखलातच असतात. मी गोंदियाकडचा. तीन पावसाळे झाले, सारसांच्या घरट्यांच्या नोंदी घ्यायला मदत करतोय. जंगलाचा इथे फारसा संबंध नाही, काम सगळं धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात.

सारस म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, जवळजवळ माणसाएवढा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आमच्याच भागात दिसतो. रोवणी आटोपली आणि बांधीत पाणी साचलं की जोडी तिथेच गवताचा-धानाचा ढीग रचून घरटं करते. अंडी बहुधा दोन, आणि साधारण महिनाभर दोघंही आळीपाळीने बसतात.

ऑगस्टमधला एक दिवस सांगतो. पहाटे साडेचारला गाडी काढली, उजाडायच्या आत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या आडोशाला बसलो. घरटं दोनेकशे मीटरवर. ५.५० पासून दर दहा मिनिटांनी एक नोंद, आणि सलग पंधरा वेळा एकच शब्द, 'बसलेला'. (पहिल्या वर्षी बॉलपेनने लिहायचो. एका सरीत अख्ख्या आठवड्याची शाई वाहून गेली. तेव्हापासून पेन्सिल.) ८.२० ला जोडीदार आला आणि दोघं मान वर करून ओरडले. दिसायला नर-मादी सारखेच, ओळखायचं ते या ओरडण्यावरून. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन हाका, आणि त्या वेळी नर पंख पाठीवर उचलतो, मादीचे मिटलेलेच राहतात. म्हणजे इतका वेळ मादी बसली होती, हे मला अडीच तासांनी कळलं.

मोजमाप रोज नसतं. वनखात्याची परवानगी लागते, आणि ऊन किंवा पाऊस जोरात असेल तर जायचंच नाही, कारण पक्षी उठला की अंडी उघडी पडतात. दोघांनी जायचं, पाच मिनिटांत परत. एक जण मोजतो, दुसरा लिहितो. त्या दिवशी गुडघाभर चिखलात वाकून मीच मोजत होतो. पाण्याची खोली १८ सेंटिमीटर, एका अंड्याची लांबी १०१ मिलिमीटर, रुंदी ६४. अंडं तळहातावर घेतलं तर ऊबदार, वर सुकलेल्या चिखलाचे ठिपके. जोडी लांब उभी राहून बघत होती आणि झाडावर कावळे बसले होते. पक्ष्यांपेक्षा मला त्या कावळ्यांचीच जास्त धास्ती वाटते.

खरं अवघड काम बांधीच्या मालकाशी बोलायचं. मी घाईत सरळ बांधीतून गेलो तर काका धुऱ्यावरून ओरडले, "सारस मोजता तं मोजा जी, पन तुमच्या पायाखालचं धान कोन मोजन?" त्यांचं चुकलं नव्हतं. घरट्यासाठी सारस आधीच त्यांचं धान उपटत होते, त्यात माझे पाय. त्यानंतर फेरा पडला तरी मी धुऱ्यानेच जातो. दुपारी त्यांच्याकडे चहा झाला आणि जोडी संध्याकाळी कोणत्या बोडीकडे (लहान तळ्याकडे) उडते तेही त्यांनीच सांगितलं. मी आठवडाभर उलट्या दिशेला बसलो होतो.

चार दिवसांनी रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी जीव मुठीत धरून गेलो. पाणी १८ चं २६ झालेलं, पण घरटंही वर आलेलं. जोडीने रातोरात आणखी धान उपटून थर चढवला होता. अंडी कोरडी. पाणी त्याच्याही वर का गेलं नाही ते काकांनी कोपऱ्याकडे बोट दाखवल्यावर समजलं. अशा गोष्टीसाठी वहीत रकाना नव्हता, म्हणून पावसाच्या रकान्यात लिहिलं : धुरा फोडला, रात्री ११.