तिकीट काढण्याआधी घरचा डॉक्टर शोधा

वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन परदेशात करायचं ठरवलंत, पण परत आल्यावर तुम्हाला तपासणार कोण? हे आधी पक्कं करा. दुसरीकडे झालेल्या ऑपरेशनचा रुग्ण घ्यायला बरेच डॉक्टर कचरतात. मी हे नंतर शोधत बसले आणि फार मनस्ताप झाला. येताना ऑपरेशनचा पूर्ण अहवाल मागून घ्याच.

आधीचे दोन आठवडे सांगितलेला कमी कर्बोदकांचा आहार मनापासून पाळा. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. सिगारेट ओढत असाल तर ती कित्येक आठवडे आधीच बंद.

परतीची घाई मात्र अजिबात नको. टाक्यांच्या जागी गळती झाली तर ती कधीकधी घरी पोचल्यावर कळते. ताप, छातीत सतत धडधड, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, यातलं काहीही जाणवलं तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा. विमानात पायात गुठळी होऊ शकते, म्हणून अधूनमधून चालत राहा. रक्त पातळ करणारं औषध लागेल का, तेही सर्जनला विचारा.

नंतर पाणी घोट घोट, दिवसभर. प्रथिनं रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. बी-12, लोह, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या मात्र आयुष्यभर.