आईबाप ‘क्लिअर’, तरी कुत्र्याची दृष्टी जातेय: दाद कुठे मागायची?

प्रश्न: चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ब्रीडरकडून लॅब्रेडॉरचं पिल्लू ३५ हजारांना घेतलं. ‘आईबाप दोघेही पीआरए क्लिअर’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. (पीआरए म्हणजे डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार; ‘क्लिअर’ म्हणजे त्याचं सदोष जनुक नसलेला.) हल्ली अंधार पडला की कुत्रा जिन्यावर थबकतो. दोन महिन्यांपूर्वी डीएनए रिपोर्ट आला: पीआरसीडी-पीआरए (पीआरएचाच एक प्रकार), ‘अफेक्टेड’, म्हणजे बाधित. ब्रीडर म्हणतो, ‘आईबापांना नीट दिसतं, माझा काय दोष?’ काय करू? – एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर: ताई, ब्रीडर खरं बोलत असेल, तरी सुटत नाही. हा आजार होण्यासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक, असं सदोष जनुक दोन्हीकडून यावं लागतं. एकच असेल तर तो कुत्रा ‘कॅरिअर’. त्याला या आजाराने अंधत्व येत नाही, पण दोष पिल्लात उतरू शकतो. म्हणजे तुमचा कुत्रा अफेक्टेड आहे म्हटल्यावर आईबापांपैकी एकही क्लिअर असणं जवळपास अशक्य. एकतर चाचणी झालीच नाही, नाहीतर कागदावरचे आईबाप वेगळे आहेत. ब्रीडरला नोटीस पाठवा आणि तीत नेमकं हेच मागा: दोघांचे लॅब रिपोर्ट, मायक्रोचिप (ओळखीसाठी कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली चिप) नंबरासह. त्याने केसीआयचं (केनेल क्लब ऑफ इंडियाचं) सर्टिफिकेट पुढे केलं तर भुलू नका. ते वंशावळीचं असतं, डोळ्यांचं नव्हे.

तुमच्या रिपोर्टवर चिप नंबर आहे का, आजच पाहा. स्वॅब घरीच घेतला असेल, तर ‘नमुना याच कुत्र्याचा कशावरून?’ हा प्रश्न येणारच. पशुवैद्याकडून चिप वाचून, तशी नोंद करून नमुना पुन्हा द्या. व्हॉट्सॲपचं ते संभाषण डिलीट होऊ देऊ नका, फोनही बदलू नका.

खरी अडचण मुदतीची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांत तक्रार करावी लागते. ब्रीडर विक्रीच्या तारखेपासून मोजेल. दोष दडलेला होता, तो रिपोर्टमुळे कळला, म्हणून मुदत तिथून धरावी, असा आपला युक्तिवाद. पण त्यावर विसंबू नका. तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज जोडा आणि आता वेळ दवडू नका.

तक्रार ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते, पुण्याला खेटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कायदा कुत्र्याला ‘वस्तू’ म्हणतो, हे वाचून वाईट वाटेल; पण त्याच व्याख्येमुळे तुम्हाला दाद मिळते. किंमत, उपचार-तपासण्यांचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई मागा. ‘बदलून द्या’ असं मात्र चुकूनही लिहू नका.

आणि ती जोडी अजून पिल्लं देत असेल, तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडेही लेखी तक्रार करा. २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरची तिथे नोंदणी सक्तीची आहे. ती आहे का, हेही त्याच पत्रात विचारा.