पतसंस्थेत कोअर बँकिंग आल्यावर किती पदं कमी करता येतील?

तुम्ही लिहिलंय की कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक यंत्रणेवर, येतंय; 3 शाखा, 14 कर्मचारी, आणि संचालकांना 4 पदं कमी करायची आहेत. फार तर 2 होतील. पण लेजर (खातेवही) लिहिणाऱ्याबरोबर लेजर तपासणाराही जातो, हे त्या हिशोबात कुणी धरलेलं दिसत नाही.

चोपड्या होत्या तेव्हा एका चेकला तीन माणसं लागायची. क्लार्क लेजरला नोंद करायचा, पासिंग ऑफिसर सही आणि शिल्लक ताडायचा, मग टोकन पुकारून कॅशियर पैसे द्यायचा. जुळवणीत फरक आला की आधी त्याला 9 ने भाग जातो का बघायचं. 540 चे 450 लिहिले तर फरक 90, म्हणजे आकडे उलटे पडलेत. फरकाच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर सापडलं, तर ते नावेऐवजी जमेला गेलंय. आता जमा-नावे आपोआप जुळतात, आणि घोळ तिथेच आहे: चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कमही जुळतेच.

आता सगळा भार मेकर-चेकरवर, म्हणजे नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. हे कसं मोडतं ते संध्याकाळी सात वाजता बघा. एक व्यवहार मंजुरीविना अडकलाय, त्यामुळे डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करणं, होत नाही. अधिकारी घरी गेलाय, त्याचा पासवर्ड कॅशियरला पाठ. मंजुरी पडते, डे-एंड होतो, सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी हेच दुपारी दोनला होतं, आणि महिन्याभरात दोन माणसांचं काम एकच माणूस दोन नावांनी करत असतो. ‘आपलीच माणसं आहेत, काउंटर अडवू नका’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकांशी माझा वाद जुना आहे आणि मी तो सोडणार नाही. पदं कमी केली की हेच सगळ्यात आधी होतं.

मोठ्यांकडेही फट राहते. 2018 साली पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघड झाला, तेव्हा स्विफ्टवरून (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांची यंत्रणा) गेलेले संदेश कोअर बँकिंगला जोडलेलेच नव्हते. एका यंत्रणेत हमी गेली, दुसरीत नोंदच नाही, आणि हिशोब जुळत राहिला.

शाखाधिकाऱ्याचं काय उरतं, हेही विचारलंय. दर आणि मर्यादा मुख्य कार्यालयाच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे सगळ्या शाखांसाठी एकदाच भरलेल्या सेटिंगमध्ये, जातात. तिथे 9.5 ऐवजी 5.9 पडलं तर त्या योजनेतल्या सगळ्या ठेवींवर व्याज चुकतं. ती चावी ज्याच्याकडे, त्याचा शब्द चालतो, आणि लहान संस्थेत तो बहुतेकदा सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला असतो. तो बॅकएंडला, म्हणजे थेट साठवलेल्या माहितीत, परस्पर ‘दुरुस्ती’ करतो. प्रत्येक दुरुस्ती लेखी मागणीवर आणि व्यवस्थापकाच्या सहीनेच होऊ द्या, आधीची-नंतरची शिल्लक छापून फाइलला लावा.

रजेवर गेलेल्याचा युजर त्याच दिवशी बंद करा, बदलीवाल्याला स्वतःचा द्या. रोज सकाळी आदल्या दिवसाचा एक्सेप्शन रिपोर्ट (नेहमीपेक्षा वेगळ्या व्यवहारांची यादी) काउंटरवर न बसणाऱ्याने वाचून सही करावी: उलटवलेल्या नोंदी, सस्पेन्स (कुठल्या खात्याची ते न ठरलेल्या रकमा), वेळेनंतरचे व्यवहार, बऱ्याच दिवसांनी हललेली खाती. तुमचं सुटणारं एक माणूस याच कामाला लावा, दुसरं वसुलीला.

एक राहिलं. तीन माणसांच्या शाखेत एक जण रजेवर असला की शाखेतच मेकर-चेकर पाळणं खरंच अवघड जातं, हे मान्य. तेव्हा मंजुरी मुख्य कार्यालयातून द्या, कोअर बँकिंगमध्ये ती सोय असते. खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना प्रत्येक प्रकारच्या खात्यांची बेरीज जनरल लेजरशी (मुख्य खातेवहीशी) जुळल्याशिवाय जुन्या चोपड्या बंद करू नका, आणि ठेवींवरचं साचलेलं व्याज व तारण ठेवलेल्या पावत्यांची खूण नीट आलीय का, हे खातं-खातं उघडून बघा.