सिंदखेडराजाची सहल: आधी पोच घ्या, मग बस ठरवा

मॅडम, सातवीच्या मुलांना सिंदखेडराजाला न्यायचं, टेप लावून वास्तूंची मापं घ्यायला शिकवायचं आणि परवानगी मागायला गेलं की ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढंच ऐकून परतायचं, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या शाळेच्या वाट्याला अगदी हेच आलं होतं.

कार्यालयाचं नाव घेत नाही. पत्र ठेवून घेतलं, पोच मात्र दिली नाही. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, सही झाली की कळवू.’ कळवलं कोणीच नाही. पुन्हा गेलो तर पत्र आवक रजिस्टरला चढलेलंच नव्हतं. म्हणजे कागदोपत्री आम्ही तिथे गेलोच नव्हतो! तोवर पालकांनी पैसे भरलेले, बस ठरलेली. सहल झाली, पण टेप आणि वह्या दप्तरातच राहिल्या. जिजाऊंच्या जन्मगावी मुलांनी दोन भिंती मोजल्या तर कोणाचं काय बिघडतं, हा राग अजून जात नाही.

तेव्हा पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबल सोडू नका. प्रत्येक वास्तूचं नाव वेगळं लिहा. ‘सिंदखेडराजा येथील स्थळे’ असं मोघम लिहिलं की एकमेकांकडे बोट दाखवायला सगळे मोकळे. माझा अनुभव जुना आहे, आताची पद्धत विचारून घ्या.

राजवाड्याबद्दल मी काय सांगणार, तो सगळेच पाहतात. माझ्या मते जास्त वेळ जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीला द्यावा. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात त्यांना दगाफटक्याने मारलं. सोबत मुलं आणि नातूही गेले. जिजाऊंचं माहेर एका दिवसात असं उद्ध्वस्त झालं, हे मुलांना त्या भव्य वास्तूसमोर उभं करून सांगा. पुस्तकातल्या दोन ओळींत ते पोहोचत नाही. याच समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. पायाशी लक्ष्मी आणि पाठीमागे समुद्रमंथनाचा देखावा, असं बारीक काम आहे. मूर्ती सध्या कुठे ठेवली आहे ते निघण्याआधी विचारा.

मापं घ्यायला पुतळा बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, उत्तम. भिंतींवर कोरीव मूर्ती आहेत, शिवाय पायऱ्या मोजता मोजता मुलांना खोलीचा अंदाज येतो. मोती तलावाचा दगडी बांध दाखवायला विसरू नका. त्या काळी पाणी कसं अडवायचे ते तिथेच समजतं.

१२ जानेवारीला जन्मोत्सव असतो. दर्शनाला जरूर जा, पण त्या गर्दीत शाळेची सहल नेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. लोणारही त्याच दिवशी उरकायचा मोह टाळा. सरोवराला स्वतंत्र दिवस लागतो.

बारवेत मुलं उतरवाल तेव्हा एक शिक्षक खाली आणि एक वर ठेवा. कठडा सगळीकडे असेलच असं धरून चालू नका.