जुन्या, प्रचंड विमान-हँगरच्या दुरुस्तीला एवढा खर्च का येतो? पाडून नवं का बांधत नाहीत?

कॅलिफोर्नियातल्या मॉफेट फील्ड या विमानतळावरचं 'हँगर वन' बघा. अमेरिकन नौदलाच्या 'मेकन' या हेलियमवर तरंगणाऱ्या एअरशिपसाठी ते १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं. लांबी सुमारे ३४५ मीटर, उंची ६० मीटर, आतली जागा आठ एकर. 'मेकन' १९३५ साली समुद्रात कोसळलं, हँगर मात्र उभं राहिलं.

पण त्याच्या पत्र्यांत पीसीबी हे विषारी रसायन, ॲस्बेस्टॉस आणि रंगात शिसं निघालं. ते विष शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को खाडीत उतरू न देता इतक्या उंचीवरून एकेक पत्रा उतरवायचा, मग सांगाडा साफ करून पुन्हा मढवायचा. खरा पैसा इथे जातो. २०१२ पर्यंत नुसता लोखंडी सापळा उरला होता. नौदलाने पाडण्याचाही प्रस्ताव ठेवला होता. स्थानिक लोकांनी तो हाणून पाडला, हे फार बरं झालं. २०१४ मध्ये गूगलच्या कंपनीने विमानतळ ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतला आणि दुरुस्तीची जबाबदारी उचलली.

दुर्लक्षाची किंमत कॅलिफोर्नियातल्याच टस्टिन शहरात दिसली. तिथलं दुसऱ्या महायुद्धातलं अवाढव्य लाकडी हँगर नोव्हेंबर २०२३ मध्ये जळालं. तसं लाकूडकाम आता कोण उभारणार?